दहावा कामगार ठेवायला इतकी भीती का?

मीरा-भाईंदर हे छोट्या धंद्यांवर जगणारं शहर आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि इमिटेशन ज्वेलरीचे गाळे आहेत, काशिमीऱ्याला महामार्गालगत हॉटेलं आहेत, मीरा रोडला दुकानं, पार्लर आणि दवाखाने आहेत. इथल्या मालकांकडून दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, चांगला कारागीर मिळत नाही. दुसरी, मिळाला तरी कायद्यामुळे तो ठेवणं परवडत नाही. पहिली तक्रार खरी आहे. दुसरीत मात्र ऐकीव हिशेबच जास्त आहे. त्या हिशेबापायी अनेक गाळे नऊ माणसांवर थांबतात, कामगार हजेरीपुस्तकाबाहेर राहतो आणि हाताला वळण लागलेला माणूस वर्षभरात दुसरीकडे निघून जातो. म्हणून एकेक समज आकड्यांसह तपासून पाहू.

गैरसमज १ : दहाच्या आत माणसं असली की कोणताच कायदा लागू होत नाही.

वस्तुस्थिती : किमान वेतन एका कामगारालाही द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सूट दिली, पण व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यावीच लागते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास मंजुरी दिली. ही बातमी वाचून अनेकांना वाटलं की आता विसापर्यंत सगळंच माफ. तसं नाही. तो बदल फक्त त्या एका कायद्यापुरता होता. कामगार राज्य विमा म्हणजे ईएसआय, प्रसूती लाभ आणि ग्रॅच्युइटी यांची मर्यादा दहाच आहे, भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफची वीस. शिवाय ग्रॅच्युइटी किंवा ईएसआय एकदा लागू झाली की नंतर माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. त्यामुळे दहावा माणूस कागदावर न दाखवण्याने सुटका होत नाही, फक्त थकबाकी साठत जाते.

गैरसमज २ : ईएसआय म्हणजे मालकावर नुसता भुर्दंड.

वस्तुस्थिती : १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा पगाराच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आला आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ टक्क्यावर. महिना १५,००० रुपये पगाराच्या कामगारामागे मालकाला ४८८ रुपये भरावे लागतात. दहा कामगारांचे ४,८८०.

या पैशांत मालकाला काय मिळतं, ते बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रेस मशीनवर बोटं जाणं, पॉलिशच्या पट्ट्यात हात अडकणं हे भांड्यांच्या धंद्यातले नेहमीचे धोके आहेत. ईएसआय नसलेल्या गाळ्यात असा अपघात झाला, तर भरपाई थेट मालकाने द्यायची असते. तीस वर्षांच्या, १५,००० पगाराच्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला, तर कामगार भरपाईच्या सूत्राने रक्कम अशी येते : पगाराचा निम्मा भाग ७,५००, गुणिले वयाचा गुणक २०७.९८. म्हणजे १५,५९,८५० रुपये. छोटा गाळा एका दिवसात बंद पडायला एवढं पुरेसं आहे. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराच्या बाबतीत ही जबाबदारी मालकावरून उतरते आणि मृताच्या कुटुंबाला ईएसआय महामंडळाकडून दरमहा निवृत्तिवेतन मिळतं. कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने हप्ता भरला, याची अटही नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू होतं. वसई-नालासोपाऱ्याहून रोज लोकलने येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : कामावर येता-जाताना झालेला अपघातही ईएसआय कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीपासून यात धरला जातो.

माणसं दहापेक्षा कमी असली तरी दार बंद नाही. मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने सहभागी होण्याची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता इतर तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

गैरसमज ३ : बाई कामावर ठेवली की बाळंतपणाचे सहा महिने फुकट पगार द्यावा लागतो.

वस्तुस्थिती : या समजाने शहरातल्या किती मुलींच्या नोकऱ्या गेल्या असतील, या विचाराने वाईट वाटतं. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे खरं. पण कामगार ईएसआयमध्ये असेल, तर त्या २६ आठवड्यांचा पूर्ण पगार महामंडळ देतं, मालक नाही. आधीच्या दोन सहामाही अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असावं, एवढीच अट. १५,००० पगाराच्या बाईला मिळणारी सुमारे ९०,००० रुपयांची रक्कम मालकाच्या वहीत कुठेच येत नाही. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी, २१,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असल्यामुळे जी विम्याबाहेर राहते, तिच्या रजेचा भार मात्र मालकावर पडतो. २१,००० ची ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून बदललेली नाही. पगार वाढत गेले आणि अनुभवी कर्मचारी विम्याबाहेर पडत गेल्या. इथे मालकांचं गाऱ्हाणं योग्य आहे आणि ते त्यांनी जोर लावून मांडायला हवं.

सहा महिन्यांसाठी बदली माणूस शोधणं ही अडचणही खरीच आहे. पण ती पैशांची अडचण नाही, हाताखाली शिकलेलं दुसरं माणूस नसल्याची आहे. त्याकडे पुढे येऊ.

गैरसमज ४ : रजा द्यायला लागलो तर धंदा बसेल.

वस्तुस्थिती : राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात रजा मोजक्या आहेत. आठवड्याची सुट्टी. वर्षाला आठ किरकोळ रजा, त्या वर्ष संपताच संपतात. आठ भरपगारी सणसुट्ट्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा. कोणी २८० दिवस भरले, तर चौदा. १५,००० पगाराचा २६ दिवसांनी हिशेब केला तर रोज ५७७ रुपये होतात. म्हणजे चौदा दिवसांचा खर्च सुमारे ८,०७८ रुपये, वर्षाला.

कामगाराचं मोठं आजारपणही मालकाच्या डोक्यावर येत नाही. ईएसआयमध्ये वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो. तो मिळणार हे माहीत नसल्यामुळे माणूस तापातच मशीनवर उभा राहतो. अशा वेळी होणारा अपघात कोणत्याही रजेपेक्षा महाग पडतो.

गैरसमज ५ : विसावा माणूस आला की पीएफमध्ये बुडालो.

वस्तुस्थिती : १५,००० पगारावर मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८००, अधिक विम्याचे ७५ आणि प्रशासकीय खर्चाचे ७५. एकूण १,९५०. रक्कम लहान नाही आणि नऊवरून दहावर, एकोणीसवरून वीसवर जाताना खर्च एकदम वाढतो, हे मान्य करायलाच हवं. सरकारने मर्यादांच्या अशा उंच पायऱ्यांऐवजी चढण ठेवली असती, तर अनेक गाळे कधीच वाढले असते.

याच पायरीवर हात देणारी एक योजना सध्या चालू आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नव्या नोकऱ्यांसाठी मालकाला पैसे मिळतात. १०,००० ते २०,००० रुपयांदरम्यान पगार असेल तर दर वाढीव कामगारामागे महिन्याला २,००० रुपये, म्हणजे त्या कामगाराच्या पीएफच्या १,९५० पेक्षा जास्तच. हे दोन वर्षं मिळतं, कारखान्यांना चार वर्षं. अटी तीन : आस्थापना पीएफ कार्यालयाकडे नोंदलेली हवी, पन्नासहून कमी माणसं असतील तर किमान दोन वाढीव माणसं घ्यायला हवीत आणि ती सहा महिने टिकायला हवीत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या कामगाराला १५,००० रुपयांपर्यंत रक्कम वेगळी मिळते.

गैरसमज ६ : शिकाऊ ठेवला की तोच पुढे कायम करून मागतो.

वस्तुस्थिती : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला कायम करण्याचं बंधन नाही. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं सक्तीचं आहे. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक, म्हणजे चार माणसांचा गाळासुद्धा रीतसर करार करून शिकाऊ घेऊ शकतो. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं.

कारागीर मिळत नाही या तक्रारीचं मूळही इथेच सापडतं. डाय बसवणं, पत्र्याची ओढ ओळखणं, पॉलिशचा हात ही कामं वर्गात कमी आणि गाळ्यात जास्त शिकता येतात. पूर्वी गावाकडचा भाचा-पुतण्या आणून ही साखळी चालायची. आता ती मुलं डिलिव्हरीच्या कामाला जातात, कारण तिथे पैसे लगेच हातात पडतात. करार, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळालं, तर गाळ्यातलं शिकणंही त्यांच्या नजरेत नोकरीइतकंच वजनदार ठरेल. आणि रजेवर गेलेल्याच्या जागी उभं राहणारं माणूस मालकाच्या हाताशी असेल.

गैरसमज ७ : उद्यम नोंदणीला पैसे लागतात आणि ती फक्त कर्जासाठी असते.

वस्तुस्थिती : १ जुलै २०२० पासून सुरू असलेली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे आणि तिचं नूतनीकरण करावं लागत नाही. तिचा मोठा फायदा वसुलीत आहे. या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर अशी रक्कम मुदतीत न दिल्यास माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच आयकरात दाखवता येतो. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

पगाराच्या तारखेला गल्ला रिकामा असतो, तो बहुतेकदा ४८८ रुपयांच्या हप्त्यामुळे नाही. चार महिने अडकलेल्या बिलामुळे असतो. तरीही आपण कामगाराच्या रजेवर चिडतो आणि पैसे अडकवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकापुढे गप्प बसतो.

सरकारकडून अपेक्षा ठेवायलाच हव्यात : ईएसआयची पगारमर्यादा वाढावी, दवाखाने कामगारांच्या घराजवळ असावेत, नियम मराठीत आणि एका जागी मिळावेत. पण आज हाताशी जे आहे तेही थोडं नाही. मालकांनी पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात एक वेगळा रकाना करावा. प्रत्येक कामगारामागे हप्ता किती आणि त्या हप्त्याने आपल्या डोक्यावरची किती जबाबदारी उतरली, हे त्यात लिहावं. दहावा माणूस घ्यायचा की नाही, हे तो रकाना भरल्यावर ठरवावं.