कंपन-चाळणीतील पार्श्वगती : कारणे आणि निदान

खनिज, कोळसा किंवा खडी आकारमानानुसार वेगळी करण्यासाठी जी कंपन-चाळणी वापरतात, तिची गती एकाच उभ्या प्रतलात व्हावी अशी योजना असते. हे प्रतल मालाच्या प्रवाहाच्या दिशेला समांतर असते. आडव्या चाळणीत परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन असंतुलित शाफ्टांमुळे तिरप्या सरळ रेषेतील गती निर्माण होते. उतरत्या चाळणीत बहुधा एकाच शाफ्टमुळे वर्तुळाकार गती मिळते. दोन्ही प्रकारांत प्रवाहाला काटकोनात, म्हणजे डावी-उजवीकडे, होणाऱ्या हालचालीला काहीच कार्य नसते. तिने माल पुढे सरकत नाही, की चाळलाही जात नाही. या हालचालीस पार्श्वगती म्हणता येईल.

अल्प प्रमाणात पार्श्वगती प्रत्येक यंत्रात असतेच, आणि तिची मर्यादा निर्माता ठरवून देतो. ही मर्यादा ओलांडली गेल्यास काय घडते हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. मिनिटाला ९०० फेरे या वेगाने दिवसातून २० तास चालणाऱ्या चाळणीच्या प्रत्येक जोडावर एका दिवसात १० लाख ८० हजार वेळा ताण येतो आणि जातो. बाजूच्या प्लेटा स्वतःच्या प्रतलातील बल सहज पेलतात. परंतु त्यांना बाहेर-आत वाकविणाऱ्या बलापुढे त्या दुर्बळ ठरतात. त्यामुळे आडव्या बीमांच्या जोडांपाशी थकव्याचे तडे जाऊ लागतात आणि बेअरिंगांवर अक्षीय भार वाढतो.

पार्श्वगती दिसताच पहिला संशय स्प्रिंगांवर घेतला जातो. तो कितपत सार्थ आहे? स्थिर भाराखाली ३० मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगांवरील चाळणीची उभ्या दिशेतील नैसर्गिक कंप्रता सेकंदाला सुमारे २·९ आवर्तने येते. चालू वेग मात्र १५ आवर्तनांचा, म्हणजे पाचपटीहून अधिक असतो. अशा स्थितीत स्प्रिंगांचे बल जडत्वीय बलाच्या सुमारे १/२७ एवढेच राहते. चाळणीची गती ठरते ती असंतुलित वजने आणि एकूण वस्तुमान यांवरून. एखादी स्प्रिंग थोडी मऊ असल्याने स्थिर वेगावर मोठी पार्श्वगती उत्पन्न होणार नाही. सदोष स्प्रिंगेचा खरा उपद्रव यंत्र सुरू होताना व थांबताना, नैसर्गिक कंप्रता ओलांडतेवेळी, जाणवतो. स्प्रिंग तुटून तिची वेटोळी एकमेकांवर आपटत असल्यास गोष्ट वेगळी. पण ते आवाजावरून आणि डोळ्यांनीही कळते.

दुसरे संभाव्य कारण म्हणजे शाफ्टचा अक्ष बाजूच्या प्लेटांना काटकोनात नसणे. तो १ अंशाने कलला असेल, तर बलाचा सुमारे १·७ टक्के भाग बाजूकडे वळतो. चाळणीचा स्ट्रोक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पूर्ण हालचाल, १० मिलिमीटर असेल, तर यातून होणारी पार्श्वगती ०·१७ मिलिमीटरच्या आसपास राहील. तेव्हा दोन-तीन मिलिमीटरांच्या हालचालीचा दोष केवळ या कलण्यावर ढकलता येणार नाही.

डाव्या व उजव्या बाजूंची असंतुलित वजने असमान असल्यास, किंवा त्यांचे कोन जुळत नसल्यास, चाळणी उभ्या अक्षाभोवती वळवळू लागते. त्या वेळी मालाच्या प्रवेशाकडील टोक डावीकडे जात असता निर्गमाकडील टोक उजवीकडे जाते, आणि गुरुत्वमध्याजवळ पार्श्वगती जवळजवळ नाहीशी होते. ही या दोषाची निश्चित खूण होय.

सर्वांत फसवे कारण अनुस्पंदनाचे आहे. बाजूच्या प्लेटांच्या वाकण्याची नैसर्गिक कंप्रता चालू वेगाच्या निकट आली, की अत्यल्प पार्श्वबलही अनेक पटींनी वाढून दिसते. जड जाळ्या बसविल्या, आडव्या बीमला तडा गेला किंवा बोल्ट ढिले झाले, तर ही कंप्रता खाली सरकते. त्यामुळे वर्षानुवर्षे निर्दोष चाललेली चाळणीही एकाएकी डोलू लागते.

ही कारणे वेगळी करण्यासाठी मोजमाप योग्य जागी व्हावयास हवे. प्लेटेवर कागद चिकटवून स्थिर धरलेल्या पेन्सिलीने गतीची आकृती काढण्याची रीत जुनी व उपयुक्त आहे. परंतु ती आकृती प्लेटेच्या प्रतलातील असल्याने तिच्यात पार्श्वगती उमटतच नाही. त्यासाठी कागद आडव्या पृष्ठभागावर लावावा लागतो. चारही कोपऱ्यांवर आणि प्लेटांच्या मध्यभागी त्वरणमापक लावून परमप्रसर व कला एकाच वेळी नोंदविणे अधिक चांगले. दोन्ही प्लेटा सर्वत्र एकाच दिशेने जात असतील, तर संपूर्ण चाळणी डोलत आहे. दोन टोके परस्परविरुद्ध जात असतील, तर ती वळत आहे. दोन प्लेटा एकमेकींपासून दूर आणि जवळ जात असतील, किंवा मध्यभागाची हालचाल कोपऱ्यांहून बरीच मोठी असेल, तर प्लेटा वाकत आहेत.

निर्णायक कसोटी वेगबदलाची आहे. वेग ९०० वरून ८५५ फेऱ्यांवर, म्हणजे ५ टक्क्यांनी, आणल्यास असंतुलनजन्य गतीत अर्ध्या टक्क्याइतकाही फरक पडत नाही. उलट प्लेटांची नैसर्गिक कंप्रता १५·७५ आवर्तने असेल, तर विमंदन वगळता तेवढ्याच बदलाने पार्श्वगती निम्म्याहूनही कमी होते. वेग बदलण्याची सोय नसल्यास यंत्र थांबवून, मऊ तोंडाच्या हातोड्याने ठोका देऊन नैसर्गिक कंप्रता मोजावी.

निदानाआधी उपाय केल्यास हानीच संभवते. प्लेटेला पट्ट्या जोडून ताठपणा वाढविला, की तिची नैसर्गिक कंप्रता वर जाते. ती मुळात चालू वेगाच्या वर असेल, तर हा उपाय लाभतो. खाली असेल, तर तोच उपाय तिला अनुस्पंदनाच्या अधिक जवळ नेतो. शिवाय या पट्ट्या वेल्डिंगने जोडल्यास वेल्डिंगची कडच नव्या तड्याचे उगमस्थान ठरू शकते. म्हणून प्रथम गतीचे स्वरूप, नंतर वेगाशी तिचा संबंध, आणि शेवटी दुरुस्ती, हा क्रम पाळणे इष्ट होय.