वरच्या तलावाची पाळ

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की वाटेत अड्याळ लागतं. धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, आणि वर अडथळा नसलेलं मोठं आभाळ. या पट्ट्यावरून दिवसरात्र विमानं जातात. मुंबईहून कोलकात्याकडे निघालेलं विमान नागपूर मागे टाकून इथूनच पूर्वेला सरकतं. ते दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं, म्हणून खालून दिसते ती फक्त पांढरी रेघ. पण ते गप्प नसतं. १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीवर ते सेकंदाला साधारण दोनदा आपला ठावठिकाणा सांगत असतं. एकेक संदेश अवघ्या ११२ बिटांचा, आणि प्रत्येकात त्या विमानाचा स्वतःचा क्रमांक. भारतात नोंदलेल्या विमानांचे हे क्रमांक ८० ने सुरू होतात. अड्याळच्या एखाद्या गच्चीवर छोटा अँटेना आणि काही हजार रुपयांचा रिसीव्हर बसवला, तर भोवतालच्या दोन-अडीचशे किलोमीटरमधली उंचावरची विमानं नावानिशी ऐकू येतात. मोबाईलवर विमानं दाखवणारी अ‍ॅप्स जगभरच्या अशाच हौशी गच्च्यांच्या जोरावर चालतात.

या संदेशाला ना कुलूप असतं ना सही. तो अमुक विमानानेच पाठवला हे सिद्ध करणारी एकही खूण त्यात नाही. हे मुद्दाम तसं आहे: समोरून येणाऱ्या विमानाला, खालच्या नियंत्रकाला, कुठल्याही देशाच्या कुठल्याही कंपनीच्या वैमानिकाला तो क्षणात कळला पाहिजे. विमानवाहतूक सुरक्षित झाली ती एकमेकांना सगळं मोकळेपणाने सांगण्यामुळे. आणि संगणकसुरक्षेचा पहिला धडा नेमका उलटा आहे, की शक्य तितकं कमी सांगा आणि समोरच्याची ओळख पटल्याशिवाय तर काहीच सांगू नका. विमान कंपन्या या दोन शिकवणींच्या मधोमध उभ्या आहेत. त्यांच्यातली कुठली कंपनी जास्त सुरक्षित, हा प्रश्न वाटतो त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा होतो तो इथेच.

आपल्याकडच्या चार कंपन्या शेजारी ठेवून पाहू. २०२० च्या डिसेंबरात इंडिगोच्या काही सर्व्हरमध्ये शिरकाव झाला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिने ते बाजाराला कळवलं, आणि आपली काही अंतर्गत कागदपत्रं हल्लेखोर उघड करू शकतात असंही सांगितलं. २०२१ च्या मे महिन्यात एअर इंडियाने जाहीर केलं की जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली आहे: नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्ट, तिकिटाचा तपशील, काहींच्या क्रेडिट कार्डाचे आकडे. २०२२ च्या मे महिन्यात स्पाइसजेटवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची उड्डाणं रखडली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला अकासा एअरचं पहिलं विमान उडालं, आणि त्याच महिन्यात तिच्या वेबसाइटच्या मांडणीतल्या एका चुकीमुळे नोंदणी केलेल्या लोकांचं नाव, लिंग, ईमेल आणि फोन क्रमांक इतरांना दिसू शकत असल्याचं उघड झालं.

आकडे पाहिले तर एअर इंडिया सगळ्यात मागे दिसते. पण त्या ४५ लाखांच्या मागची हकिकत पाहा. चोरी एअर इंडियाच्या संगणकातून झालीच नव्हती. ती झाली होती ‘सिटा’ नावाच्या संस्थेच्या प्रवासी-सेवा यंत्रणेतून. तिच्याकडे एअर इंडियाने आपल्या प्रवाशांच्या नोंदी सोपवल्या होत्या, आणि सिंगापूर एअरलाइन्सपासून फिनएअरपर्यंत इतरही अनेक कंपन्यांच्या प्रवाशांना त्याच घटनेची झळ लागली. उलट अकासाची चूक तिच्या स्वतःच्या घरात घडली होती, तरी नुकसान थोडं. कारण कंपनीचं वय काही दिवसांचं होतं आणि गमावण्याजोगी माहितीच तिच्याकडे फारशी जमलेली नव्हती. एअर इंडियाच्या प्रकरणात गेलेल्या नोंदी २६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१ या काळातल्या होत्या. जवळजवळ साडेनऊ वर्षांच्या! २०१२ साली एकदा विमानाने गेलेल्या माणसाचा तपशील २०२१ च्या चोराच्या हाती लागला. माझ्या मते कंपन्यांची तुलना करताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुम्ही माझं किती आणि किती वर्षं जपून ठेवता?

या सिटाची जन्मकथा मला फार विलक्षण वाटते, कारण तिच्यासारखीच एक गोष्ट त्याच सुमारास आपल्या नागपुरात घडत होती. ३० जानेवारी १९४९ पासून भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानं आपापल्या शहराकडे परत फिरत. सकाळी पत्रं पोहोचलेली असत. देशाच्या मध्यावर बसलेल्या एका धावपट्टीवर साऱ्या देशाचा निरोप तासा-दोन तासांत हात बदलत होता. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. आणि त्याच १९४९ च्या फेब्रुवारीत युरोपात ११ विमान कंपन्या एकत्र आल्या. प्रत्येकीने आपली वेगळी तार-यंत्रणा टाकण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक टाकू, असं त्यांनी ठरवलं. त्या सहकारी संस्थेचं नाव सिटा. दोन्हीकडे कल्पना एकच: सगळ्यांच्या थैल्या एका जागी आणा, तिथे अदलाबदल करा, म्हणजे काम स्वस्तात आणि झपाट्याने होतं. महिन्याभराच्या अंतराने, एकमेकांशी काही संबंध नसताना, दोन ठिकाणी माणसं एकाच उत्तरापाशी पोहोचली.

सोनेगावला त्या वेळी थैल्यांवर नजर ठेवायला माणसं होती. आजची अदलाबदल कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. तिकीट काढल्यावर सहा अक्षर-आकड्यांचा जो पीएनआर हाती येतो, तो बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या इमारतीत जन्मतच नाही. इंडिगो आणि स्पाइसजेट या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, पण दोघींचं आरक्षण नॅव्हिटेअर या एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालत आलं आहे. पीएनआर आणि आडनाव एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडतं, आणि बोर्डिंग पासवर या दोन्ही छापलेल्या असतात, वर बारकोडातही असतात. म्हणून प्रवास संपल्यावर तो पास सीटच्या खिशात सोडू नये आणि त्याचा फोटो तर कुठेच टाकू नये.

दुसऱ्याच्या यंत्रणेवर विसंबण्याचा हा धोका समजायला आपल्या भागातले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव पुरेसे आहेत. एकेकाळी मालगुजारांच्या ताब्यात असलेले, कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव कित्येक ठिकाणी एकाखाली एक असे साखळीने आहेत; वरच्याचा सांडवा खालच्यात येतो. खालच्या गावाने आपली पाळ कितीही दगडी केली तरी वरच्या तलावाची पाळ फुटली की पाणी त्याच्याही बांध्यांत येणारच. विमान कंपन्यांचा सायबर धोका असा उतरत्या साखळीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कॉलिन्स एअरोस्पेसच्या चेक-इन यंत्रणेवर हल्ला झाला आणि लंडनचं हीथ्रो, ब्रसेल्स, बर्लिन इथे एकाच वेळी प्रवाशांच्या रांगा लागल्या. त्या विमानतळांची स्वतःची पाळ शाबूत होती.

मग नियम कशासाठी? त्यांनी काय साधतं आणि काय साधत नाही, हे दोन दंडांकडे पाहिलं की कळतं. २०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या यंत्रणेत २२ जून ते ५ सप्टेंबर असा अडीच महिने चोर बसला होता आणि त्याचा पत्ता कंपनीला लागला तो बाहेरच्या माणसाने सांगितल्यावर. सव्वाचार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली. तपासात निघालेला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो: चाचणीसाठी म्हणून चालू केलेली एक सोय बंद करायची राहून गेली होती आणि ती २०१५ पासून ग्राहकांच्या कार्डांचे आकडे साध्या मजकुरात नोंदवत बसली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकमधून मात्र जगभरच्या ९४ लाख प्रवाशांची माहिती गेली, म्हणजे वीसपटीहून जास्त, आणि ब्रिटनमध्ये तिला दंड झाला पाच लाख पौंड, म्हणजे चाळिसावा हिस्सा. कारण युरोपचा नवा विदा-संरक्षण कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला. कॅथेची चोरी त्याच्या आधीची, ब्रिटिश एअरवेजची त्यानंतर महिन्याभरात सुरू झालेली. जुन्या कायद्यात पाच लाख हीच कमाल मर्यादा होती. तेव्हा दंडाच्या रकमेवरून कंपन्यांची प्रतवारी लावायला जाल तर तुम्ही कॅलेंडर मोजत असाल.

कंपन्यांना अ, ब, क असे गुण देणाऱ्या संस्थाही आहेत. त्या कुणाच्या आत जात नाहीत, बाहेरून पाहतात. साइटचं प्रमाणपत्र मुदतबाह्य आहे का, सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू आहे का, कंपनीच्या नावाने कुणी खोटा ईमेल पाठवू शकेल का. कॅथेच्या एका सर्व्हरमध्ये दहा वर्षांपूर्वीच जगजाहीर झालेली पळवाट बुजवायची राहिली होती. असली ढिलाई बाहेरून दिसू शकते आणि तेवढ्यापुरते हे गुण उपयोगी आहेत. पण ब्रिटिश एअरवेजमध्ये बंद करायची राहिलेली ती चाचणीची सोय बाहेरून कुणालाच दिसली नसती.

खरी तुलना करायची संधी फार क्वचित मिळते, कारण प्रत्येक कंपनीवरचा हल्ला वेगळा असतो. १९ जुलै २०२४ ला मात्र ती मिळाली. तो हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे इंडिगोला दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द करावी लागली, आणि कर्मचाऱ्यांनी पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हातात आले. मला त्या हस्तलिखित पासात कौतुकाची गोष्ट दिसते: संगणक नसतानाही माणसं कुठल्या आसनावर बसवायची हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. अमेरिकेत एकाच तडाख्यात सापडलेल्या बड्या कंपन्यांपैकी इतर एक-दोन दिवसांत सावरल्या, डेल्टाला मात्र पाच दिवस लागले आणि सुमारे सात हजार उड्डाणं गेली. वैमानिक आणि कर्मचारी कुठे आहेत याचा हिशोब ठेवणारी तिची यंत्रणा एकदा मागे पडली आणि ती पिछाडी भरून निघेना. तडाखा सगळ्यांना एकच होता, फरक पडला तो उठून उभं राहायला लागलेल्या वेळेत. नियमावलीतल्या चौकटींत खुणा करून हा वेळ कळत नाही. सराव करूनच कळतो.

आभाळातल्या त्या मोकळ्या संदेशांकडे पुन्हा एकदा पाहायला हवं, कारण धोका आता तिथवर पोहोचला आहे. त्या संदेशात सांगायचं आपलं स्थान विमान ठरवतं ते उपग्रहांच्या संकेतांवरून, आणि हे संकेत इतके क्षीण असतात की जमिनीवरून जोरदार खोटे संकेत सोडले तर विमानाला आपण भलतीकडेच आहोत असं वाटू शकतं. २०२५ च्या अखेरीस सरकारने संसदेत मान्य केलं की दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाले होते. जमिनीवरच्या पारंपरिक मार्गदर्शन यंत्रांवर उतरणाऱ्या विमानांना त्याचा त्रास झाला नाही. जुनी यंत्रं सांभाळून ठेवणं हीसुद्धा सायबर सुरक्षाच आहे.

आणि विमानाच्या पोटात काय? नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. आता विमानाच्या दुरुस्तीत पान्याइतकंच सॉफ्टवेअरही येतं. बोइंग ७८७ विमान अजून सेवेतही आलं नव्हतं, तेव्हाच, २००८ साली, अमेरिकेच्या विमानवाहतूक प्राधिकरणाने त्यासाठी खास अटी घातल्या होत्या: प्रवाशांच्या जाळ्यातून उड्डाण-नियंत्रणाच्या जाळ्यात कुणालाही शिरता येणार नाही, हे कंपनीने आधी दाखवून द्यायचं. अपघात होण्याची वाट न पाहता प्रश्न आधी विचारणं, ही विमानवाहतुकीची जुनी सवय. ती इथेही उपयोगी पडली.

भारतात नियमांचे थर आता जमू लागले आहेत. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्याआधीचा वेग पाहा: एअर इंडियाला सिटाकडून पहिली सूचना मिळाली होती २५ फेब्रुवारी २०२१ ला, नेमके कोणते प्रवासी हे कळलं मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला, आणि प्रवाशांना पत्रं गेली मे महिन्यात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापासून लागू व्हायच्या आहेत. तेव्हा माहिती फुटली तर कंपनीला संबंधित मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल आणि ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला विनाविलंब सांगावं लागेल. माहिती कंत्राटदाराकडून गेली तरी उत्तर द्यायचं ते ज्या कंपनीला प्रवाशाने ती दिली तिनेच. वरच्या तलावाची पाळ तपासायची जबाबदारी कायद्याने पहिल्यांदाच खालच्या गावावर अशी स्पष्टपणे टाकली आहे, आणि पहिली काही प्रकरणं समोर आली की भारतीय कंपन्यांची तुलना जाहिरातींवरून न करता तारखांवरून करता येईल: घटना कधी घडली, तिला कधी कळली, आणि आपल्याला कधी सांगितली.