सरपंचाला कायदा, आमदाराला प्रतिज्ञापत्र

ग्रामपंचायतीच्या सदस्याने घरपट्टी थकविली तर त्याचे पद जाऊ शकते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या चौदाव्या कलमात तशी स्पष्ट तरतूद आहे. पंचायतीच्या अथवा जिल्हा परिषदेच्या कराची मागणी झाली, रीतसर बिल हाती पडले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रक्कम भरली गेली नाही, तर तो सदस्य, मग तो सरपंच का असेना, पदावर राहण्यास अपात्र ठरतो. थकबाकी पन्नास हजारांची की पाचशेची, हा प्रश्न या कलमाला पडत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाते, सुनावणी होते आणि गावाने निवडून दिलेला माणूस एका पट्टीच्या पावतीअभावी घरी बसतो.

हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आणि साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यांतील प्रत्येक सदस्य या कलमाखाली येतो. शहरातील नगरसेवकांचीही यातून सुटका नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे, बिल सादर झाल्यावरही नगरपरिषदेचा थकबाकीदार राहणारा माणूस सदस्यत्वास अपात्र आहे. येथवर कायद्याची भूमिका निःसंदिग्ध दिसते. ज्याने इतरांवर कर बसवायचा, त्याने स्वतःचा कर आधी भरला पाहिजे. ही भूमिका न्याय्यही आहे.

परंतु याच जिल्ह्यातून तीन आमदार विधानसभेत जातात आणि एक खासदार लोकसभेत जातो. त्यांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे पाहू लागले की आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

पायरी चढली की सूट

आमदार आणि खासदार यांच्या अपात्रतेची कारणे राज्यघटनेत आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दिलेली आहेत. लाभाचे पद, वेडसरपणा, नादारी, परकीय नागरिकत्व, ठराविक गुन्ह्यांतील शिक्षा अशी ती यादी आहे. कराची थकबाकी त्या यादीत नाही. प्राप्तिकर बुडविल्याबद्दल न्यायालयात दोष सिद्ध झाला आणि दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली, तरच सदस्यत्वाला धक्का लागतो. आणि असे खटले किती मंदगतीने चालतात हे सांगावयास नको.

त्यांच्यासाठी आहे ते प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर देणे भाग पडले. त्या नमुन्यात प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, नगरपालिकेची मालमत्ता पट्टी अशा सरकारी देण्यांचे स्वतंत्र रकाने आहेत. २०१९ पासून मागील पाच वर्षांचे विवरणपत्रांतील उत्पन्नही त्यात नोंदवावे लागते. मात्र या रकान्यांत कोट्यवधींची थकबाकी लिहिली तरी अर्ज वैध ठरतो. अट फक्त लिहिण्याची आहे, भरण्याची नाही. सरकारी निवासस्थानात राहिलेल्या उमेदवाराने मागील दहा वर्षांचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची बाकी नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे, असा नियम दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयानंतर आला. म्हणजे बंगल्याच्या नळपट्टीसाठी प्रमाणपत्र लागते. देशाच्या प्राप्तिकरासाठी लागत नाही.

खालच्या पायरीवर कायदा कडक आणि वरच्या पायरीवर सैल, अशी ही उलटी उतरंड आहे. वस्तुतः जबाबदारी अधिकाराबरोबर वाढावयास हवी. ग्रामपंचायत सदस्य गावच्या दिवाबत्तीचा कर ठरवितो; खासदार सबंध देशाच्या वित्त विधेयकावर मत देतो. ज्याच्या मताने कोट्यवधी लोकांचे कर ठरतात, त्याच्या स्वतःच्या कराविषयी कायदा मौन पाळतो.

तनख्यांचे नवे वारस

मराठवाड्याला या विषमतेचा जुना परिचय आहे. निजामाच्या राजवटीत राज्याचा महसूल निराळा आणि निजामाच्या ‘सर्फ-ए-खास’ या खासगी मुलखाचा महसूल निराळा असे. जहागिरदारांची दुनिया त्याहून वेगळी. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारी दिवाणीत मिळविण्यात आला आणि त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या. संस्थानिकांचे तनखे मात्र राहिले, आणि घटनेने ते प्राप्तिकरापासून मुक्त ठेवले होते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते तनखे गेले आणि राज्यकर्त्याला करातून वेगळी वागणूक देण्याचा काळ संपला, असे लोकांना वाटले.

तो संपला नाही. त्याचे रूप पालटले. मध्य प्रदेशात १९७२ पासून, म्हणजे तनखे रद्द झाल्याच्या दुसऱ्याच वर्षापासून, मंत्र्यांच्या वेतन-भत्त्यांवरील प्राप्तिकर राज्याची तिजोरी भरू लागली. उत्तर प्रदेशात विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना १९८१ साली तसाच कायदा झाला. मंत्री गरीब घरांतून येतात, असे त्याचे समर्थन करण्यात आले. १९८१ साली ते काही अंशी खरेही असेल. पण पुढे मंत्र्यांच्या प्रतिज्ञापत्रांत कोटींचे आकडे दिसू लागले तरी कायदा तसाच राहिला. जवळजवळ चार दशके सर्व पक्षांची सरकारे आली आणि गेली, परंतु या एका बाबतीत त्यांच्यात मतभेद झाला नाही. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणले, त्या सुमारास एका वर्षाचा असा कर सुमारे ८६ लाख रुपये होता. त्यानंतर उत्तर प्रदेशाने ही प्रथा बंद केली. हिमाचल प्रदेशाने २०२२ मध्ये आणि मध्य प्रदेशाने जून २०२४ मध्ये तेच केले.

रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकाच्या मानाने क्षुल्लक होती, हे खरे. पण प्रश्न रकमेचा नव्हता. ज्या शेतमजुराला मिठाच्या पुड्याखेरीज बाजारातून आणलेल्या बहुतेक वस्तूंवर कोणता ना कोणता कर द्यावा लागतो, त्याच्याही पैशातून मंत्र्याचा कर भरला जात होता. इंग्लंडच्या राणीनेदेखील १९९३ पासून स्वेच्छेने प्राप्तिकर देण्यास सुरुवात केली होती. राजघराण्याने जे सोडले, ते प्रजासत्ताकातील मंत्र्यांनी आणखी पाव शतक धरून ठेवले.

विसराळूपणाची किंमत

कर न भरण्याचे समर्थन कसे केले जाते, याचा आपल्याकडील गाजलेला दाखला १९७० सालचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्री जगजीवनराम यांनी सुमारे दहा वर्षे प्राप्तिकराची विवरणपत्रेच सादर केली नव्हती, असे त्या वेळी उघडकीस आले. कामाच्या व्यापात ती गोष्ट त्यांच्या लक्षातून गेली, अशी बाजू पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी घेतली. जगजीवनराम यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. पण विसरल्याची सबब सामान्य करदात्याला मिळत नाही. त्याला विलंबाचे व्याज आणि दंड यांची नोटीस मिळते.

याच्याशी फ्रान्समधील एक प्रकरण ताडून पाहण्यासारखे आहे. २०१४ साली तोमा तेवनू नावाचे गृहस्थ तेथे राज्यमंत्री झाले. त्यांनी विवरणपत्रे वेळेवर भरली नव्हती, असे निष्पन्न झाले. सरकारी कागदपत्रांचे आपल्याला भय वाटते, असा खुलासा त्यांनी केला. अवघ्या नऊ दिवसांत त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्याआधीच्याच वर्षी करबुडव्यांविरुद्धच्या मोहिमेची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या अर्थसंकल्पमंत्री जेरोम काहुझाक यांचे परदेशी बँकेतील गुप्त खाते उघडकीला आले होते. फ्रान्सने त्यातून बोध घेतला आणि लोकप्रतिनिधींची मालमत्ता तपासणारी स्वतंत्र संस्था २०१३ च्या कायद्याने उभारली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क सुमारे ४० हजार पौंडांनी कमी भरल्याचे दिसून येताच राजीनामा दिला. ते जाणूनबुजून केले, असे कोणी सिद्ध केले नव्हते. योग्य सल्ला घेण्याची दक्षता त्यांनी बाळगली नाही, एवढे पुरेसे ठरले.

हे देश सद्गुणांचे पुतळे आहेत असे नव्हे. प्रकरणे तिथेही घडतात. फरक एवढाच, की तेथे पद जाते ते वरून.

हळदीचा हिशेब

थकबाकीपेक्षा सूक्ष्म असा एक मार्ग आहे, आणि तो शेतकरी जिल्ह्याने नीट समजून घ्यावा असा आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. घटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. मोठ्या जमीनधारकांवर धारणेनुसार कर बसवावा, अशी शिफारस प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये केली होती. ती बासनात गुंडाळली गेली. परिणामी, अन्य मार्गाने आलेला पैसा शेतीचा म्हणून दाखविला की तो करमुक्त होतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार, शेती उत्पन्नाची सूट दिलेल्या तपासणीतील प्रकरणांपैकी सुमारे २२ टक्के प्रकरणांत पुरेशी पडताळणी न करताच ती दिली गेली होती.

वसमत-हिंगोलीच्या परिसरातील शेतकऱ्याला एका एकरात हळद किती होते, ती खणून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजार समितीत नेईपर्यंत खर्च किती लागतो आणि शेवटी हातात काय उरते, हे तोंडपाठ असते. सोयाबीनची कथा तर त्याहून सर्वज्ञात आहे. एखाद्या प्रतिज्ञापत्रात शेतीचे उत्पन्न म्हणून दाखविलेला आकडा खरा की फुगविलेला, हे सांगण्यास त्याला सनदी लेखापालाची गरज नाही. ज्या सवलतीचा हेतू त्याचे संरक्षण हा आहे, तिच्या आडोशाला दुसरेच कोणी उभे राहत असेल, तर त्याचा पहिला निषेध शेतकऱ्याकडून व्हावयास हवा. अन्यथा उद्या सवलतच जाईल आणि फटका त्यालाच बसेल.

रिकामी नोंदवही

वरच्यांचे हे वर्तन खाली झिरपल्याशिवाय राहत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पंचायतींच्या एकूण उत्पन्नात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. सुमारे ९५ टक्के पैसा केंद्र आणि राज्य यांच्या अनुदानांतून येतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीला तीन दशके होऊन गेल्यावरचे हे चित्र आहे. गाव स्वतः कर गोळा करीत नसेल तर त्याने स्वराज्याच्या गोष्टी कशाच्या बळावर कराव्यात?

करमागणीच्या नोंदवहीत गावातील थोरामोठ्यांच्या नावापुढे बाकी दिसते, तेव्हा लहान खातेदाराचा हातही आखडतो. ‘त्यांनी भरली का?’ हा त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नसून न्यायबुद्धीचा असतो. निवडणूक जाहीर झाली की पट्टी भरण्यासाठी ग्रामपंचायतीत गर्दी होते, याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. शिवाय चौदावे कलम बिल बजावल्यावरच लागू होते, आणि बिल बजावणारा ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, सरपंचाच्याच सहवासात काम करतो. प्रबळ सरपंचाला बिल पोहोचत नाही. दुबळ्या सरपंचाला, विशेषतः राखीव जागेवर निवडून आलेल्याला, विरोधक ते पोहोचविण्याची व्यवस्था करतात. अशा रीतीने खालच्या पायरीवरचा चांगला कायदाही सूडाचे हत्यार होण्याचा धोका आहे.

काय करता येईल

सरपंचाला असलेला नियम आमदार-खासदारांना लावा, असे म्हटले की एक आक्षेप हमखास येतो. करमागणी चुकीची असू शकते. सत्ताधारी पक्ष कर खात्याला हाताशी धरून विरोधकांचे पद हिरावून घेईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून अपिलांच्या सर्व पायऱ्या संपून अंतिम झालेल्या मागणीपुरतीच अपात्रता ठेवावी, आणि भरण्यास निश्चित मुदत द्यावी. तोच न्याय सरपंचालाही मिळावा. बिल बजावण्याचे काम गावाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावे आणि सर्व सदस्यांची करस्थिती वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावी. आमदार, खासदार आणि मंत्री यांनी विवरणपत्र भरल्याचे व बाकी नसल्याचे कर खात्याचे प्रमाणपत्र दरवर्षी सभागृहापुढे ठेवावे. ठराविक मर्यादेपुढचे शेती उत्पन्न दाखविणाऱ्या उमेदवाराची सातबारा आणि विक्रीच्या पट्ट्यांवरून आपोआप पडताळणी व्हावी.

यांतील एकाही उपायाला मोठा खर्च नाही. अडचण आहे ती अशी, की हे कायदे ज्यांनी करावयाचे, त्यांनाच ते प्रथम लागू होतील. तथापि मतदाराला कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो आणि ती कोणालाही पाहता येतात. प्रचाराला दारी आलेल्या उमेदवाराला रस्ता आणि पाणी यांविषयी विचारले जाते, तसेच सरकारी देण्यांच्या रकान्याविषयीही विचारले जावे. आपल्या गावच्या सरपंचाला जो प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, तो आमदाराला विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही.