विहिरीच्या पाण्यातील सोडियम कसे मोजतात?



अजिंठ्याच्या लेण्यांचा काळा पाषाण झिजूनच आपल्याकडची काळी जमीन झाली. विहिरीच्या पाण्यात सोडियम जास्त असले की ही जमीन चोपण होते. पाणी मुरत नाही, उसाची मुळे गुदमरतात. चवीवरून हे नेमके कळत नाही.

म्हणून प्रयोगशाळेत सोडियमचा इलेक्ट्रोड पाण्यात बुडवतात. त्याच्या टोकाला खास काचेचा पातळ पडदा असतो. पाण्यात सोडियम जसे कमी-जास्त, तसा पडद्यावर विजेचा दाब बदलतो. सोडियम दहापट झाले की २५ अंशांवर सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. सहा मिलिव्होल्ट चुकले तर हिशेब पाव हिश्श्याने चुकतो! म्हणून आधी माहीत प्रमाणाच्या दोन द्रावणांवर मीटर जुळवून घेतात.

एकट्या सोडियमवर निकाल देत नाहीत. कॅल्शियम, मॅग्नेशियमही पाहतात. ती भरपूर असली तर धोका कमी.

पंप पंधरा मिनिटे चालू द्या, मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घ्या. गट नंबर, तारीख लिहा आणि लागणीआधीच तपासून घ्या. चोपण जमीन जिप्सम आणि चरांनी सुधारते, पण त्यात वर्षे जातात. बाटली भरायला किती वेळ लागतो?