चरबीचा जमाखर्च

1952 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात लॅनॉय हेझेल आणि क्लाइन या संशोधकांनी जिवंत डुकराच्या पाठीवर कातडीला बारीक छेद दिला, त्यातून धातूची पट्टी आत सरकवली आणि चरबीची जाडी थेट मोजली. वनस्पती तेलांमुळे डुकराच्या चरबीचा बाजार उतरणीला लागला होता आणि गिऱ्हाईक कमी चरबीचे मांस मागत होते. पट्टीमुळे पैदाशीसाठी सडपातळ जनावरे जिवंतपणीच निवडता येऊ लागली.

पण पट्टी सांगते ती फक्त शिल्लक. दोन डुकरांच्या पाठीवर अगदी सारखी चरबी असेल. एकाच्या पेशींत भराभर भर पडत असेल आणि तितकाच उपसाही होत असेल, दुसऱ्यात दोन्ही संथ. खुराक बदलला, औषध दिले, तर नेमके काय बदलले? नवी चरबी बनायची थांबली, की जुनी जास्त वितळू लागली? याचे उत्तर हवे तर ऊती जिवंत असतानाच प्रयोगशाळेत पोचली पाहिजे.

पाठीवरच्या चरबीचा तुकडा बायोप्सीने किंवा कत्तलीनंतर लगेच काढतात आणि 37 अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये ठेवतात. गार झाली की ही चरबी घट्ट होते आणि नीट कापता येत नाही. मग स्टेडी-रिग्ज नावाच्या हातात धरायच्या साध्या अवजाराने, ज्यात एक लांब पाते असते, तिचे पातळ काप काढतात. काप पातळच हवा, कारण त्यात आता रक्ताभिसरण नाही. प्राणवायू आणि साखर बाहेरून झिरपूनच आतल्या पेशीपर्यंत जाणार. साधारण 100 मिलिग्रॅमचा काप छोट्या फ्लास्कमध्ये जातो. फ्लास्कमध्ये रक्तातल्या क्षारांशी मिळतेजुळते क्रेब्ज-रिंगर द्रावण असते, वर 95 टक्के प्राणवायू आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यात किरणोत्सारी कार्बन-14 असलेले ग्लुकोज घालतात आणि फ्लास्क हलत्या पाण्याच्या टाकीत साधारण दोन तास ठेवतात.

पेशी ते ग्लुकोज आत घेतात, मोडतात आणि त्याच्या कार्बनपासून मेदाम्ले घडवतात. वेळ संपली की रबरी बुचातून सुईने आम्ल सोडून सगळे व्यवहार एका क्षणी थांबवायचे. द्रावणातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड फ्लास्कमधल्या छोट्या वाटीत अल्कलीने भिजवलेल्या कागदावर अडकतो. उरलेल्या कापातली चरबी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या 2:1 मिश्रणाने काढतात. ही फोल्च यांची 1957 ची पद्धत अजूनही वापरात आहे. इथे घाई केली तर फसगत होते. ग्लुकोजचा कार्बन मेदाम्लांत जातो तसा त्यांना जोडून ठेवणाऱ्या ग्लिसरॉलमध्येही जातो. म्हणून चरबीचे अल्कलीने साबणीकरण करून मेदाम्ले वेगळी काढायची आणि मगच किरणोत्सार मोजायचा. हे न करता काढलेल्या आकड्याला ‘नवी मेदाम्ले’ म्हणता येत नाही.

खर्चाची बाजू मोजणे त्यामानाने सोपे. चरबीचा एक रेणू पूर्ण मोडला की तीन मेदाम्ले आणि एक ग्लिसरॉल सुटते. मेदाम्ले पेशी पुन्हा जोडून घेऊ शकते. सुटलेले ग्लिसरॉल मात्र तिला फारसे वापरता येत नाही, कारण ते कामाला लावणारे एन्झाइम चरबीपेशीत अगदी कमी असते. म्हणून द्रावणात आलेले ग्लिसरॉल हा मोडतोडीचा विश्वासू हिशेब ठरतो. मेदाम्लांचे ग्लिसरॉलशी प्रमाण तीनपेक्षा कमी भरले, तर बाकीची पुन्हा जोडली गेली असे समजायचे. द्रावणात अल्ब्युमिन लागतेच. मेदाम्लांना धरून ठेवणारे प्रथिन नसेल तर ती साचतात आणि मोडतोडच मंदावते.

1964 मध्ये मार्टिन रॉडबेल यांनी उंदराची चरबी कोलॅजनेज एन्झाइमने सोडवून सुट्या पेशी मिळवल्या. तेलाने भरलेल्या या पेशी द्रावणावर तरंगतात, म्हणून सहज वेगळ्या होतात. काचेला लागून फुटतात, म्हणून प्लॅस्टिकची भांडी लागतात. याच रॉडबेल यांना पुढे 1994 चे नोबेल मिळाले, पेशीतल्या संदेशवहनाच्या संशोधनासाठी. सुट्या पेशींत प्रयोग नेटका होतो, पण लठ्ठ डुकराच्या मोठ्या पेशी वेगळ्या करतानाच फुटतात आणि हाती लागतात त्या लहान, चिवट पेशी. माझे मत कापाच्या बाजूने आहे: तिथे ऊतीची मूळ घडण तरी टिकते.

आकडा कशाने भागायचा, हा प्रश्न तर सगळ्यांत नाजूक. लठ्ठ जनावराच्या एका ग्रॅम चरबीत थोड्याच, पण फुगलेल्या पेशी असतात. सडपातळ जनावराच्या ग्रॅममध्ये लहान पेशींची गर्दी. ‘प्रति ग्रॅम’ मोजले तर लठ्ठ जनावर सुस्त वाटते, ‘प्रति पेशी’ मोजले तर चित्र उलटूही शकते. म्हणूनच हर्श आणि गॅलियन यांनी 1968 मध्ये दाखवलेली रीत मोलाची: ऑस्मियमने पेशी घट्ट करून यंत्राने त्यांची संख्या आणि आकार मोजायचा.

हा सगळा खटाटोप डुकरावरच कशाला? कारण त्याची चरबी इतरांपेक्षा वेगळी वागते. 1969 मध्ये ओ’हिया आणि लेव्हेल यांनी दाखवले की डुकरात नवी मेदाम्ले जवळजवळ सगळी चरबीच्या ऊतीतच बनतात. यकृताचा वाटा नगण्य. कोंबडीत हे काम यकृत करते, उंदरात दोन्ही. उंदराच्या चरबीपेशीवर चरबी वितळवण्याचा संदेश घेणारे बीटा-3 ग्राहक महत्त्वाचे, डुकरात बीटा-1 वरचढ. म्हणून उंदराची चरबी वितळवणारे औषध डुकरात तसेच चालेल असे नाही. डुकराच्या पूर्वजांनी तर सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी यूसीपी1 हे उष्णता देणारे जनुकच गमावले. म्हणून नवजात पिले थंडीत कुडकुडतात आणि दगावतात. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी उंदराचे हे जनुक डुकरात बसवले, तेव्हा त्या डुकरांनी थंडीत शरीराचे तापमान अधिक चांगले राखले आणि त्यांची चरबीही कमी भरली.

आपल्याकडे गोव्याची ‘आगोंदा गोअन’ ही डुकरांची देशी जात राष्ट्रीय नोंदणीत आहे, आणि गुवाहाटीजवळ राणी इथे डुकरांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. देशी जातीचा खुराक ठरवताना विदेशी जातींचे तयार आकडे उचलू नयेत. तिच्याच चरबीचे काप फ्लास्कमध्ये घालून मोजमाप करावे आणि ते पशुपालकाला समजेल अशा मराठी-कोंकणीत छापावे, अशी संशोधकांना विनंती आहे.