आकडा बघा, मग कोटेशनवर सही करा

‘नेट फार स्लो झालंय, जरा येऊन जा.’ पुण्यात ऑफिसांचं नि फोटो स्टुडिओंचं नेटवर्किंग सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हा फोन नेहमीचाच. खोदून विचारलं की कळतं, फाइल पलीकडच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून घ्यायची आहे. म्हणजे इंटरनेटचा इथे काडीचा संबंध नाही. बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन उपटून ठेवली तरी ही कॉपी तितकीच हळू चालेल. पण तोवर बऱ्याच जणांनी इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन टाकलेला असतो.

मी आधी एकच विचारतो, कॉपीच्या खिडकीत आकडा किती दिसतोय? ‘खूपच हळू’ हे काही त्याचं उत्तर नव्हे.

सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओची गोष्ट सांगतो. लग्नाचं शूट २०० जीबीचं, आणि ते एडिटिंगच्या मशीनवरून स्टोरेजवर जायला पाच तास लागायचे. मालकांच्या हातात नव्या स्टोरेजचं कोटेशन तयार होतं. मी कॉपी लावायला सांगितली. आकडा ११.२ एमबीवर जाऊन बसला आणि तिथून हलेना. मला बरं वाटलं, कारण इतका स्थिर ११ म्हणजे अर्धं निदान झालं.

वायरीचा वेग बिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी तो बाइटमध्ये दाखवते. ८ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला कागदोपत्री साडेबारा एमबी जातात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता-मजकूर चिकटवण्यात थोडं खर्ची पडतं आणि हातात ११-साडेअकरा उरतात. गिगाबिटवर याच हिशेबाने ११०-११५ मिळायला हवेत. या स्टुडिओत दोन्ही मशीन गिगाबिटची, मधला स्विचही गिगाबिटचा. तरी आकडा ११. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरली होती.

नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, जोडीजोडीने पिळलेल्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, नारिंगी नि हिरवी जोडी. तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं, त्याला आठही लागतात. दोन यंत्रं जोडली की ती आपसात वेग ठरवतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी पुष्कळदा ती मुकाट्याने १०० वर समेट करतात. लाल दिवा लागत नाही, स्क्रीनवर सूचना येत नाही, सगळं ‘चालू’ दिसतं. हा समजूतदारपणाच घात करतो.

टेस्टर लावला. एक ते सात दिवे ओळीने लागले, आठवा नाही. कनेक्टर उजेडात धरला तर पारदर्शक प्लास्टिकमधून स्वच्छ दिसत होतं : सात तारा पितळी पात्यांपर्यंत टेकलेल्या, तपकिरी तेवढी मिलिमीटरभर अलीकडेच थांबलेली. क्रिम्प करणाऱ्याने घाई केली होती. जुना कनेक्टर कापून पाच-दहा रुपयांचा नवा बसवला आणि तीच कॉपी अर्ध्या तासावर आली. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं.

प्रत्येक वेळी कनेक्टरच असतो असं नाही. कपाटावर धूळ खात पडलेल्या जुन्या स्विचवर ‘१०/१००’ छापलेलं सापडतं. ऑफिसांत कॉम्प्युटरची वायर टेबलावरच्या आयपी फोनमधून फिरवलेली असते आणि त्या फोनचं पोर्ट १०० चंच निघतं. स्वस्त वायर ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. असली वायर मी भिंतीत घालू देत नाही.

आकडा एका जागी न बसता ८० वर, ३ वर, परत ४० वर असा नाचत असेल तर प्रकरण वेगळं. याचं मूळ जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड. गर्दीत तुकडे हरवत, ते पुन्हा पाठवले जात आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरेल्स यांनी त्यावर तोडगा काढला : तुकडा हरवला की पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा, मग हळूहळू वेग वाढवायचा. आजही इंटरनेट या शिस्तीवर चालतं. पण तुकडा गर्दीत हरवला की ढिल्या कनेक्टरपाशी, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून वायर किंचित खराब असली तरी वेग किंचित नव्हे, धाडकन पडतो.

वाय-फायवर मी फार वेळ घालवत नाही. राउटरच्या खोक्यावरचं १२०० म्हणजे दोन्ही बँडची बेरीज, तुमचा लॅपटॉप सहसा एका वेळी एकच वापरतो. दोन्ही मशीन वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा राउटरमार्गे हवेतून दोनदा जातो. मोठ्या फायली रोज हलवायच्या असतील तर वायर ओढा, विषय संपला.

कधी नेटवर्क निर्दोष असतं. आयपर्फ नावाचं फुकटचं साधन डिस्कला हात न लावता फक्त वायर तपासतं. त्यात ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा आला तर वायरीला दोष देऊ नका, डिस्ककडे वळा. यूएसबी २ च्या पोर्टात लावलेली बाहेरची डिस्क ३०-४० एमबीच्या वर जाणारच नाही. फायली बारीक असतील तर चांगली डिस्कही रडते. लाइटरूमचं प्रीव्ह्यूचं फोल्डर घ्या, हजारो चिमुकल्या फायली. प्रत्येक उघडायची, नाव-तारीख लिहायची, अँटीव्हायरसला दाखवायची, बंद करायची. एका जाड दस्ताला एक शिक्का आणि हजार चिठ्ठ्यांना हजार शिक्के, तसला मामला. अशा वेळी झिप करून पाठवा, नाहीतर विंडोजमधलीच रोबोकॉपी वापरा. तिला सांगितलं तर ती अनेक फायली एकदम उचलते.

तेव्हा तंत्रज्ञाला फोन करण्याआधी चार-पाच जीबीचा एकच व्हिडिओ कॉपीला लावा. पहिले काही सेकंद सोडून द्या, तेव्हाचा आकडा मेमरीमुळे फुगलेला असतो. मग आकडा लिहून घ्या आणि तो स्थिर आहे की नाचतोय, तेही लिहा. हे न विचारताच कोणी नवं स्टोरेज सुचवत असेल, तर दुसरा तंत्रज्ञ बोलवा.