जऊळक्याच्या धुऱ्यावरचे गवत

पाऊस ओसरून गवत निसवले, की ते ओळखायला वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या शिवारात उतरावे. तोवर सगळे हिरवे सारखेच दिसते. मारवेलच्या पेराला पांढऱ्या लवेचे कडे असते. पवन्याचे कणीस एकेरी, तुसावर ठळक उभ्या शिरा. तिखाडी चुरगळली की वासच नाव सांगतो. कुसळी कपड्यांत घुसते. तिचे कुसळ ओलीने पीळ सोडते, वाळले की पुन्हा घेते आणि त्या फिरण्याने बी मातीत रुतत जाते.

पण ओळखले म्हणजे नोंद झाली असे नाही. गवत खुरप्याने मुळासकट काढावे लागते, कारण ते एका पावसाळ्याचे की वर्षानुवर्षे फुटणारे, हे बुडख्याशी कळते. मग ते वर्तमानपत्रात दाबायचे, लांब असेल तर दुमडून. कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी चढते. जमीन कशी, आजूबाजूला काय, कणसाचा रंग कोणता, हे जागेवरच लिहायचे. वाळल्यावर रंग जातो. खरी कसोटी भिंगाखाली. कणिशक सुईने सोडवायचे, तुसे एकेक करून मांडायची, त्यांच्या शिरा मोजायच्या. दोन सख्ख्या जातींतला फरक कधी कधी तेवढ्या एका तुसावर ठरतो. मला या कामातले हेच सर्वांत मोलाचे वाटते: इथे घाई चालत नाही.

ब्लॅटर आणि मॅक्‌कॅन यांचे 'द बॉम्बे ग्रासेस' १९३५ साली आले, पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. आपले शिवार त्या पुस्तकाच्या हद्दीबाहेर राहिले. कांबळे आणि प्रधान यांनी अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद केली, ती भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९८८ मध्ये छापली. वाशीम तेव्हा अकोल्यातच होते. वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये. म्हणून इथले गवत शोधणाऱ्याने आधी अकोल्याची पाने चाळावीत.

नोंदींतली अशी पोकळी फक्त आपल्याकडेच नाही. पवन्या आणि कुसळी पूर्व आफ्रिकेच्या माळांवरही उगवतात. तिथल्या एखाद्या देशात गवताची 'नवी नोंद' होते, तेव्हा ते गवत बहुधा शेजारच्या देशात आधीपासून ठाऊक असते. नवी नोंद झालेल्या देशातून त्याचा नमुना तोवर कोणी संग्रहालयात ठेवलेला नसतो, एवढेच. आपल्या तालुक्यांचेही तसेच आहे.

आणि या नोंदींसाठी वेळ थोडा आहे. सोयाबीनच्या वावराचा धुरा तणनाशकाने पिवळा पडतो, गुरचराईच्या ई-क्लास जमिनी आक्रसत चालल्या आहेत. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर येणारा तणमोरही याच गवतात अंडी घालतो. गवताळ माळाला पडीक म्हणणे मला साफ चुकीचे वाटते.

मालेगाव-वाशीमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: या हंगामात विद्यार्थ्यांना धुऱ्यावर न्या. नमुन्याच्या चिठ्ठीवर लॅटिन नावाखाली ढोरक्याने सांगितलेले नावही लिहा, आणि गावाचे नाव विसरू नका.